आमची वाटचाल : नाकातला जंतू नको, मेंदूतला पाठवा

आमची प्रयोगशाळा लहान. काम एकच : आजारी डुकरांच्या नमुन्यांतून जिवाणू वेगळा काढायचा, त्याचा प्रकार ठरवायचा आणि लस कशाविरुद्ध हवी ते पशुवैद्यकांना सांगायचं. सुरुवातीला आमच्या अहवालात ‘स्ट्रेप्टोकोकस सुइस आढळला’ एवढंच असायचं. ते बरोबर असायचं, पण तेवढ्यावर लस ठरत नाही. या जिवाणूभोवती शर्करेचं कवच असतं आणि त्यावरून त्याचे पंचवीसहून जास्त सिरोटाइप पडतात. एका सिरोटाइपच्या मृत जिवाणूंची लस दुसऱ्यावर सहसा चालत नाही. ‘लस टोचूनही दूध तोडल्यावर पिल्लं का मरतात?’ हा पशुवैद्यकांचा प्रश्न वारंवार यायला लागला आणि आम्ही सिरोटायपिंगकडे वळलो.

मग लक्षात आलं की खरी अडचण आमच्या टेबलापर्यंत येण्याआधीच होते. धडधाकट डुकराच्या टॉन्सिलमध्येही हा जिवाणू असतो, एकाच वेळी अनेक प्रकारांचा. नाकातून किंवा घशातून स्वॅब घेतला तर जो सहज वाढतो तो हाती लागतो. पिल्लाला मारणारा तोच, असं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही नमुना कसा घ्यावा हे शिकवायला सुरुवात केली. कुशीवर पडून पाय झाडणारं, अजून प्रतिजैविक न दिलेलं पिल्लू निवडा. शवविच्छेदनात कवटी उघडल्यावर मेंदूवरचं आवरण गढूळ दिसतं, स्वॅब तिथून घ्या. सांधा सुजला असेल तर सांध्यातला द्राव पाठवा. माझ्या मते आमच्या धंद्याला खरा आधार यंत्रांपेक्षा या शिकवणीने दिला.

आमच्याकडे येणारा डुकरांच्या आजाराचा दुसरा जिवाणू म्हणजे ग्लेसरेला पॅरासुइस, आणि तो फारच नाजूक. त्याला वाढायला एनएडी नावाचं रसायन बाहेरून लागतं, त्यामुळे साध्या ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या, जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) तो स्वतःहून उगवत नाही. प्लेटवर एनएडी पुरवणाऱ्या स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जिवाणूची एक रेघ ओढली की त्या रेघेच्या कडेकडेने टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती येतात. नवीन येणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला मी ती प्लेट दाखवते. पॅरासुइसचे 15 सिरोव्हार (म्हणजे सिरोटाइपच) आहेत, आणि नेहमीच्या मल्टिप्लेक्स पीसीआरने, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकं शोधणाऱ्या चाचणीने, 5 आणि 12 वेगळे होत नाहीत. सुइसच्या बाबतीत 2 आणि 1/2 नावाच्या सिरोटाइपांचंही तसंच; तिथे फरक एका जनुकातल्या एका अक्षराचा असतो. त्यासाठी आम्ही तेवढा तुकडा सिक्वेन्स करतो, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचतो. हे पुढचं पाऊल खर्चिक होतं, पण त्याशिवाय लसीसाठी स्ट्रेन (जिवाणूचा नेमका वाण) निवडायचं धाडस आम्ही केलं नसतं.

सुइसचा सिरोटाइप 2 निघाला की अहवाल तयार व्हायच्या आधी फोन जातो. त्याची लागण माणसालाही होते, मेंदूज्वर होतो, बरं झाल्यावरही बहिरेपण राहू शकतं. 2005 मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात दोनशेहून जास्त लोक आजारी पडले आणि 38 दगावले. हातावर जखम असताना डुक्कर कापू नका, हे आम्ही फोनवर दोनदा सांगतो.

आता त्या फार्मच्याच जिवाणूंपासून त्या फार्मपुरती लस बनवणाऱ्यांना आम्ही स्ट्रेन पुरवतो. बहुतेक वेळा लस गाभण मादीला देतात, म्हणजे चिकातून पिल्लांना प्रतिपिंडं मिळतात. प्रत्येक स्ट्रेन उणे 80 अंशांवर जपून ठेवतो आणि नवीन नमुन्यांशी ताडून पाहतो, कारण बाहेरून आणलेल्या डुकरांबरोबर नवा प्रकार येतो आणि जुनी लस निकामी ठरते. कधी आम्ही लस नको असंही सांगतो. मुळाशी पीआरआरएस (डुकरांच्या प्रजननाचा आणि श्वसनाचा आजार आणणारा) विषाणू असेल तर आधी त्याचा बंदोबस्त हवा. त्यात आमचं काम जातं, तरी सांगतोच.

एक विनंती मात्र कायम आहे : नमुना गार ठेवून लगेच रवाना करा, सुट्टीच्या तोंडावर पाठवू नका. पॅरासुइस वाटेतच मरतो आणि प्लेट कोरी राहते.