पातळ वरण

तूरडाळीचा भाव कळायला मला वर्तमानपत्र उघडावं लागत नाही. पळीतून वरण कसं पडतं, त्यावरून अंदाज येतो. भातावर जागच्या जागी बसलं तर बाजार बरा आहे आणि ओतताक्षणी चटणी-कोशिंबिरीपर्यंत पोहोचलं तर भाव चढलाय. 2015 च्या दसरा-दिवाळीत डाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आमच्याकडचं वरण हे वरण आहे याची खूण फक्त हिंगाची होती. आणि लगेच पुढचं 2016 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. मुहूर्त काढणाऱ्याचं कौतुकच करायला हवं.

महागाईशी झुंजायची आपल्या स्वयंपाकघरांची हत्यारं जुनीच आहेत. तुरीत मूठभर मसूर मिसळायची. आठवड्यातून दोनदा कुळथाचं पिठलं. आणि रात्रीचं वरण उरलं असेल तर सकाळी चकोल्या. कणकेत हळद, तिखट, ओवा घालून घट्ट भिजवायची, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे काप करायचे आणि खळाखळा उकळणाऱ्या वरणात एकेक सोडायचे. घाईने सगळे एकदम लोटले की लगदा झालाच म्हणून समजा. वर चमचाभर तूप आणि कोथिंबीर. कालचं होतं, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सासूबाईंची तऱ्हा याच्याही पुढची. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातलं एक जेवण सोडायचं आवाहन केलं, तेव्हा सोमवारी रात्री हॉटेलंसुद्धा बंद राहत. सासूबाईंनी तेव्हापासून सोमवारची रात्र सोडली ती आजतागायत. शंकरासाठी सोडली की शास्त्रींसाठी, हे आता त्यांनाही सांगता येत नाही.

पण सगळं काही पळीवरून कळत नाही, हे मला 2017 नं दाखवलं. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला, भाव बघून शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली आणि डाळ उतरली. वरण घट्ट, घरात आनंद. तिकडे मराठवाड्या-विदर्भात हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये, बाजारात मात्र त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला म्हणून तुरीनं भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे. माझ्या ताटातल्या घट्टपणाची किंमत तिथे कोणीतरी मोजत होतं. मग ऑगस्टमध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. झळ बसली थेट मोझांबिकला. तिथला छोटा शेतकरी स्वतः खातो मका. तूर लावतो ती मुख्यतः आपल्यासाठी. आपण दार लोटून घेतल्यावर त्याचा भाव कोसळला. ज्यांच्या पिकावर आपलं वरण शिजतं, त्यांच्याच घरी पीक येऊनही चूल थंड!

जगात धान्य नाही म्हणून माणसं उपाशी राहतात, असं निदान आज तरी म्हणता येत नाही. 2022 मध्ये जगानं सुमारे 105 कोटी टन अन्न वाया घालवलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून गेलं. 2024 मध्ये उपाशी माणसं होती 67 कोटींच्या आसपास. पान स्वच्छ करून उठावं हे खरंच, मीही पोरांना तेच सांगत आले. पण माझ्या चकोल्यांनी यातल्या एकाचंही पोट भरत नाही. उपाशी माणसाला घास हवा असतो, तसा तो विकत घेण्याइतका पैसाही हवा असतो. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी लोकांच्या लक्षात राहिली, पण घरं तगली ती खडी फोडून आणि पाझर तलाव खणून मिळालेल्या मजुरीवर. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे.

आता माझ्या हातात रोजगार हमी नाही. पण एक छोटी मजुरी आहे, आणि ती द्यायची माझ्याच हातानं. आमच्याकडे येणाऱ्या मावशींची. यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. जानेवारी आणि जुलै आले की महागाई भत्त्याचे किती टक्के वाढले, यावर पेन्शनरांच्या कट्ट्यावर दिवसेंदिवस खल चालतो. डाळ चढली, तेल चढलं, की आमचा भत्ता चढतो, मागे-पुढे का होईना. मावशी तोच किराणा, त्याच दुकानातून, त्याच भावानं घेतात. त्यांना भत्ता नाही. उलट महागाई आली की बायका पहिल्यांदा मावशींच्या पगारवाढीला आणि कोथिंबीरवालीला कात्री लावतात; मोबाइलच्या हप्त्याशी कोणी घासाघीस करत नाही.

तेव्हा यंदा ठरवलं. सरकार आम्हाला जितके टक्के वाढवून देईल, तितके टक्के मावशींच्या पगारात, जानेवारीत आणि जुलैत, न मागता. दिवाळीनंतर ठरलेली वाढ असते ती वेगळी. यजमानांनी चष्मा वर करून विचारलं, “आणि थकबाकी?” सरकारची घोषणा उशिरा होते, फरक मागाहून मिळतो, हे त्यांचं जन्माचं दुःख. म्हटलं, थकबाकीसुद्धा.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या डाळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, “वहिनी, भत्ता द्या हो, पण तो दिवाळीच्या बोनसमधून कापायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.”