विमानातला पाच डॉलरचा स्विच

होमबिल्टवाली, म्हणजे स्वतः विमान बांधणारी मंडळी इंजिनावर तासन्‌तास बोलतील, पण स्विचचा विषय निघाला की म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानातला टॉगल लाव की, चालतंय. चालतो पण, बरेच दिवस. फक्त त्यावर छापलेलं रेटिंग बहुतेक वेळा एसीचं, म्हणजे घरातल्या विजेचं असतं आणि अशा छोट्या विमानात बहुधा असतं १४ व्होल्ट डीसी, म्हणजे बॅटरीसारखी वीज, त्यात लँडिंग लाइट जुना फिलामेंटवाला असेल तर गार असताना पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट ओढतो. मास्टर कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा रिले, त्याची कॉइल तर अजून वाईट, बंद करताना शेकडो व्होल्टचा झटका परत देते, स्विचच्या आत ठिणगी पडून कॉन्टॅक्ट जळत जातात. उपाय काय तर कॉइलवर एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, चिल्लर किंमत! तरी लोक विसरतात.

पण खरं सांगू का, स्विचपेक्षा त्याच्या पाठीमागचं टर्मिनल आधी दगा देतं. सोल्डर केलेली वायर जिथे सोल्डर संपतं तिथेच व्हायब्रेशनने तुटते, म्हणून नीट क्रिम्प, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवणं, आणि वायरला आधार. वायर टेफझेल या प्लास्टिकच्या आवरणाचीच, पीव्हीसी जळली तर कॉकपिटभर विषारी धूर.

मॅग्नेटोचं, म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं गणित उलटं, तिथे स्विच वायरमधून ग्राउंडला जोडूनच मॅग्नेटो बंद करतो, म्हणून वायर तुटली तर इंजिन बंद होत नाही, स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. प्रॉपेलर हाताने फिरला तरी इंजिन पेट घेऊ शकतं, त्याला हात लावताना हे लक्षात असू द्या.