विजापूरच्या थडग्यांचं मला एवढं काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"आपले एवढे गडकिल्ले ढासळतायत, ते सोडून पोरांना विजापूरला कशाला नेता?" पालक विचारतात, नात्यातले विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही मी काय करते हे कळल्यावर विचारतो. मी सोलापुरात राहते, आर्किटेक्चरच्या मुलांना जुन्या इमारतींची मोजणी शिकवते आणि दर हिवाळ्यात त्यांना टेप, ओळंबा आणि आलेखाच्या वह्या घेऊन विजापूरला नेते. उत्तर देऊन देऊन थकले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

गडकिल्ल्यांवरही आम्ही जातो. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की अख्खं सोलापूर नळदुर्गला लोटतं. पाणी महालाच्या खिडकीत उभं राहून फोटो काढले जातात. बोरी नदीवरचा तो बंधारा आणि त्याच्या पोटातला महाल विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाहा याच्या काळातला आहे. तिथे मला कुणी विचारत नाही की बाई, हे कुणाचं, आणि तुम्ही इथे कशा. त्याच माणसाचं थडगं सोलापूरहून शंभर किलोमीटरवर, विजापुरात आहे. तिथे गेलं की मात्र माझ्या निष्ठेची चौकशी सुरू होते. पाण्याला माफी आहे आणि कबरीला नाही, याचं कारण मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता गोलघुमट, म्हणजे महंमद आदिलशाहाची कबर. बहुतेक लोक वरच्या सज्जात जातात, आरोळी ठोकतात, ती किती वेळा परत येते ते मोजतात आणि खाली उतरतात. मी मुलांना आधी खालीच थांबवते. दालन चौकोनी आहे, एकेक बाजू सुमारे 41 मीटर. वर बसवायचा आहे गोल घुमट, आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा, आणि मधे एकही खांब नाही. मग चौकोनाचं वर्तुळ करायचं कसं? चारी भिंतींना लागून आठ कमानी उठतात आणि वर जाता जाता एकमेकींना छेदतात. वहीत काढून पाहा: एक चौकोन, त्यावर तेवढाच दुसरा चौकोन तिरपा, की आठ टोकांची चांदणी झाली. रेषा जिथे छेदतात ते आठ बिंदू जोडले की आत अष्टकोन मिळतो आणि अष्टकोनावर वर्तुळ सहज बसतं. म्हणजे घुमट भिंतीच्या माथ्यावर नाही, भिंतीपासून आत सरकून या कमानींच्या जाळ्यावर बसला आहे. घुमटाचा रेटा बाहेर जातो, आत झुकलेल्या कमानींचं वजन आत ओढतं आणि दोघं एकमेकांना आवरून धरतात. 1656 च्या सुमाराला ही इमारत उभी राहिली. हे ज्याने योजलं त्याच्या डोक्यापुढे मला हात जोडावेसे वाटतात, आणि मी ते जोडते.

इब्राहिम रोझाची, म्हणजे त्याच दुसऱ्या इब्राहिमाच्या थडग्याची, गोष्ट वेगळी. गोलघुमटात धाडस आहे, इथे हाताची कमाल आहे. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद. कबरीच्या दालनाच्या खिडक्यांत दगडाच्या जाळ्या आहेत, आणि त्या जाळ्या म्हणजे अरबी अक्षरं. अक्षर ठेवून भोवतालचा दगड कोरून काढलेला, त्यामुळे आत येणारा उजेड शब्दांच्या फटींतून येतो. डोक्यावर छत, कडेने आत वळत आलेलं आणि मधे सपाट. खांब नाही, तुळई नाही, दगड चुन्याच्या जोरावर तोललेले. मलिक संदलने हे बांधलं. शिलालेखात ताज सुलतान या राणीचं नाव आहे आणि खर्च दीड लाख होनांच्या घरात सांगितला आहे.

पूर्वी मी तुमच्या प्रश्नाला असं उत्तर देतच नसे. तेव्हाचं माझं उत्तर ठरलेलं होतं: हा इब्राहिम जगद्गुरू म्हणवला जायचा, त्याने दखनीत गीतं रचली, त्यांत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं. त्याच्या आधीच्या, पहिल्या इब्राहिमाने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले. म्हणजे माणसं आपलीच, मग थडगी परकी कशी? हे ऐकून पंगतीतला माणूस गप्प व्हायचा आणि मला वाटायचं, जमलं.

मग एका गावातल्या व्याख्यानमालेला गेले. जानेवारी, शाळेचं पटांगण, पडदा वाऱ्याने फुगत होता आणि चित्रातले मिनार डोलत होते. पहिल्या रांगेत मफलर गुंडाळून माझे सर बसले होते. यांनीच आम्हाला आठवीत प्रतापगडावर नेलं होतं. माचीवर उभं करून, शामियाना कुठे असेल, जिवा महाला कुठून धावला असेल, हे हाताने दाखवत त्यांनी असं सांगितलं होतं की त्या रात्री आमच्यातलं कुणी झोपलं नाही. इतिहास मला त्यांच्यामुळे लागला. मी तासभर बोलले, सरस्वतीचं सांगितलं, टाळ्या मिळाल्या. शेवटचं चित्र विजापूरच्या बारा कमानचं, अर्धवट राहिलेल्या थडग्याचं होतं, ते पडद्यावर तसंच राहिलं.

प्रश्नांच्या वेळी सर उठले. माइक घेतला नाही.

"इब्राहिम सरस्वतीला मानायचा, म्हणून त्याचा रोझा बघण्यासारखा, असं म्हणतेस का तू?"

"तसं नाही, सर."

"मग नसता मानत तर?"

मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी पडद्याकडे हात केला. "हे कुणाचं?"

"दुसऱ्या अली आदिलशाहाचं."

"म्हणजे ज्याच्या गादीवरून खान निघाला, त्याचं. हे अर्धं राहिलं, याचं मला बरं वाटतं. तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "सर, तेव्हा कारभार राजमाता बडी बेगमच्या हातात होता."

"मी कारभाराचं विचारलं नाही," असं म्हणून ते बसले. मागून कुणीतरी जोरात टाळी वाजवली. ती त्यांना नको होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. संयोजकांनी घाईने आभार मानले, शाल आणि नारळ दिला. फाटकाशी सर थांबले होते. शेवटची एसटी मिळेल का, स्टँडवर कुणी सोडायला आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले.

एसटीत मी रागाने धुमसत होते. घरी आल्यावरही कितीतरी दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले. सर, सिंदखेडराजाला जाऊन बघा. 1629 मध्ये निजामशाहाच्या दरबारात, देवगिरीवर, लखुजी जाधवरावांना मुलांसकट मारलं. जिजाऊंचे वडील ते. त्यांची समाधी कशी बांधली गेली? दगडी, भारदस्त, डोक्यावर घुमट. ज्या दरबाराने घात केला त्याच दरबाराच्या वळणाची. कारण शोक करायचा, मोठ्या माणसाला मान द्यायचा, तर दगडात तो असाच दिला जायचा, ही दख्खनची तेव्हाची रीत होती. गवंडी तेच, चुना तोच. ज्यांचं रक्त सांडलं त्यांच्या माणसांना त्या घुमटाचा विटाळ झाला नाही, मग चारशे वर्षांनी आपल्याला का व्हावा?

हे मला आजही पक्कं वाटतं. तरी सरांच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे, हेही मला दिसतं. मी पुन्हा तेच करत होते, कुणीतरी आपलं माणूस शोधून त्याच्या आडून इमारतीला परवानगी मिळवत होते. आधी सरस्वती, मग जाधवराव. अफझलखानाच्या बायकांच्या म्हणून दाखवतात त्या साठ कबरी विजापूरजवळच आहेत. एकाच मापाच्या, रांगेत. खानाने मोहिमेवर निघण्याआधी त्यांना मारलं असं तिथे सांगतात. तिथे कुठली सरस्वती आणू मी? आणि तिथेही मुलांना नेते.

गोलघुमटाचंच घ्या. महंमद आदिलशाहाच्या त्याच वर्षांत विजापूरच्या फौजा कर्नाटकात खोलवर गेल्या, नायकांची राज्यं मोडली, लूट आणि खंडणी घेऊन आल्या. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्याबरोबर शहाजीराजेही त्या मोहिमेत होते. कमानीचं गणित शिकवताना मी हे सांगते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग हे सुंदर म्हणायचं की नाही?" मी म्हणाले, मोजून घे आधी. ही पळवाट होती असं तुम्ही म्हणाल. मला ती पळवाट वाटत नाही. अष्टकोन कसा साधला हे ज्याला कळलंय, त्याने पैसा कुठून आला हे विचारलं तर त्या विचारण्याला वजन येतं. नुसतं थडगं म्हणून तोंड फिरवणाऱ्याला दोन्ही कळत नाही. पण दोन्ही कळल्यावर माणूस कुठे पोचतो, ते मी सांगू शकत नाही. मी स्वतः अजून पोचलेले नाही.

सरांना दर दिवाळीत फोन करते, तब्येतीचं बोलणं होतं. विजापूरचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. पण त्यांनी पटांगणात जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हाही होतं. बारा कमानचा चौथरा साठ मीटरहून लांब आहे. त्यावर काळ्या दगडाच्या कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत आणि मधे अलीची कबर आहे. 1672 मध्ये तो गेला आणि घुमट राहून गेला. त्या कमानींवर काय बसणार होतं, याचं चित्र मी वहीत अनेकदा काढून पाहिलं आहे. ती इमारत पुरी व्हायला हवी होती असं मला वाटतं. प्रतापगडावर आजही माझ्या अंगावर काटा येतो, आणि तरीही वाटतं. सरांच्या तोंडावर हे बोलायला मला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. त्यांनी वाचलं तर बरं.