टेबलावर बसलेला आपलाच पोरगा

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं मी गॅदरिंगवर लिहिणार, पण मला सगळ्यात जास्त आठवते ती आपल्या ग्राउंडवर भरलेली आंतरशालेय खो-खो स्पर्धा. दहावीत होतो, टीममध्ये नव्हतो (पळायला बरा, पण खांबावर वळताना हमखास बाद), म्हणून मग स्वयंसेवक. सकाळी फक्कीने मैदान आखायचं, पिंपं भरायची आणि मॅच सुरू झाली की टेबलावर बसून कोण किती मिनिटं पळाला ते लिहायचं.

सेमीफायनलला आपलीच टीम आली. पीटीच्या सरांनी आधीच दम भरला, टेबलावर बसलास की तू कुठल्याच शाळेचा नाहीस, टाळी वाजवलीस तर उठवीन, अरे 1914 साली या खेळाचे नियम इथे डेक्कन जिमखान्यावर ठरले, निदान पुण्यात तरी टेबल चोख पाहिजे! वर स्टॉपवॉच माझ्याकडून काढून समोरच्या शाळेबरोबर आलेल्या एका मुलाला दिलं. जाम राग आला होता. पण नऊ मिनिटांच्या डावात शेवटच्या सेकंदालाही गडी टिपला जातो, तिथे घड्याळ यजमानांच्या पोराच्या हातात नसलेलंच बरं.

त्यांच्या दुसऱ्या तुकडीत एक किडकिडीत पोरगा होता, आपला गडी पाठीवर आला की हा बसलेल्या दोन गड्यांमधून सटकून पलीकडे, हात शर्टाला लागला असं वाटायचं आणि लागलेला नसायचा. मागे आपली पोरं ‘खो दे, खो दे’ ओरडतायत, माझ्या पण ओठांवर आलेलं, पेन्सिल चावली अक्षरशः! शेवटी खांबाजवळ सूर मारून टिपला त्याला. शेजारच्याने घड्याळ बघून सांगितलं, तीन मिनिटं वीस सेकंद, आणि हळूच म्हणाला, भारी होता रे सूर. मी म्हटलं, तुमचा पण काय पळाला यार.

(2022 ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग बघायला गेलो, मॅट, लाइट, पाठलागात कुठल्याही दिशेला पळू शकणारा वझीर, सगळं चकाचक, आणि मी आपला टेबलावरच्या लोकांकडे बघतोय. बायको म्हणाली, अहो, मॅच तिकडे चालू आहे.)

आपण जिंकलो, दोनच गुणांनी. टीम नाचत होती आणि मी गुणपत्रक घेऊन त्यांच्या कॅप्टनला शोधत फिरत होतो, तो नळाखाली डोकं धरून उभा, तिथेच भिंतीला कागद टेकवून सही घेतली, आणि मग फायनलसाठी परत फक्की.