तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ लहान आहे, मग ऐकू येणं टिकेल ना?

ऐकण्याच्या नसेपाशी छोटी गाठ (व्हेस्टिब्युलर श्वानोमा) निघाली की बहुतेक जण हेच विचारतात. याचं उत्तर गाठीच्या मिलिमीटरपेक्षा ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, जास्त सापडतं. ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज सरासरी 50 डेसिबलच्या आत आणि शब्द ओळखण्याचं प्रमाण 50 टक्क्यांच्या वर असेल, तर त्या कानात राखण्याजोगं काही आहे असं ढोबळमानाने धरतात. शब्दांची चाचणी मागून घ्या. या गाठीत आवाज येतो पण बोलणं कळत नाही, असं पुष्कळदा होतं आणि नुसत्या आलेखात ते दिसत नाही.

गाठ खरं तर बहुधा तोलाच्या नसेवर असते. पण हाडातल्या त्याच अरुंद नळीतून ऐकण्याची नस, चेहऱ्याची नस आणि अंतर्कर्णाला रक्त देणारी बारीक धमनी जाते. या धमनीला पर्याय नाही. नस अखंड राहूनही शस्त्रक्रियेनंतर कान बंद पडतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

शस्त्रक्रिया करायचीच तर वाट महत्त्वाची. अंतर्कर्णातून जाणाऱ्या वाटेने ऐकणं जातंच. कानाच्या वरून किंवा मागून गेलं तर ते वाचण्याची शक्यता असते, मात्र मागून जाताना ड्रिल अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलं तर ऐकणं बहुधा संपलं. गाठ मेंदूकडून कानाकडे सोडवत नेतात. उलट ओढली तर शंखाच्या (अंतर्कर्णातला ऐकण्याचा भाग) तळाशी नसेचे तंतू तुटतात. हाडातल्या नळीच्या कानाकडच्या टोकाशी द्रवाची फट शिल्लक असेल तर आशा जास्त.

किरणोपचारात गाठीच्या कडेला साधारण 12 ते 13 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) देतात आणि शंखाला शक्यतो 4 ग्रेच्या आत ठेवतात. ऐकणं लगेच जात नाही, वर्षानुवर्षं झिजतं. नंतर काही महिने गाठ फुगलेली दिसू शकते. तेवढ्यावरून उपचार फसला म्हणणं घाईचं.

आणि नुसतं लक्ष ठेवणं? पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, मग बहुधा वर्षाला. गाठ न वाढताही ऐकणं उतरतं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. नॉर्वेतल्या 100 रुग्णांच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लगेच किरण दिलेल्यांच्या गाठी आक्रसल्या, पण चार वर्षांनी ऐकण्यात ते आणि नुसतं लक्ष ठेवलेले रुग्ण यांच्यात ठळक फरक नव्हता. म्हणून ‘कान वाचवायला आत्ताच किरण घ्या’ हा युक्तिवाद आम्हाला लंगडा वाटतो.

दुसरा कान आधीच अधू असेल तर हे सगळं गणित बदलतं. आणि वाट पाहताना एका रात्रीत ऐकणं पडलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. स्टेरॉइडचा उपयोग झालाच तर पहिल्या काही दिवसांत होतो.