लिव्हरीची उजवी बाजू : चौथ्या आठवड्याची नोंद

लिव्हरी म्हणजे गाडीच्या अंगावरची रंगसजावट; मी ती कॉम्प्युटरवरच्या गाडीसाठी फोटोशॉपमध्ये करतोय. डावी बाजू गेल्या आठवड्यात हातावेगळी झाली : गडद निळा रंग, पुढच्या चाकामागून निघून मागे चढत जाणारा केशरी पट्टा, दारावर २७. उजवीकडे कॉपी करून फ्लिप केलं की झालं, असं धरून बसलो होतो.

पण या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे गाडीचे भाग सपाट उलगडून मांडलेल्या चित्रात, दोन्ही बाजूंची नाकं डावीकडेच आहेत आणि छप्पर मधोमध. उजवी बाजू त्यामुळे डोक्यावर उभी आहे. इथे आडवं नाही, उभं फ्लिप लागतं. पट्टा त्याने अचूक बसला, आकडे मात्र आरशातले झाले. आकडे आणि अक्षरं फ्लिप करायचीच नाहीत, १८० अंशांत फिरवायची.

मग सगळी मांडणीच बदलली. रंग आणि पट्टे एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (एकच मूळ चित्र अनेक ठिकाणी वापरू देणारा फोटोशॉपचा लेयर), त्याची कंट्रोल-जे ने प्रत काढून ती फ्लिप केली. आता डावीकडे वळण बदलून सेव्ह केलं की उजवीकडेही बदलतं. ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ मात्र वापरू नका, त्याने दोघांचं नातं तुटतं. मजकूर वेगळ्या ग्रुपमध्ये, सगळ्यांत वर.

आकडा आधी तिरका होता. डावीकडे तो मागे रेललेला दिसायचा, उजवीकडे पुढे झेपावलेला. दोन दिवस तसाच ठेवून पाहिला, मन मानेना. शेवटी सरळ, जाड आकडा घेतला आणि गाडी एकदम शांत दिसू लागली.

बॉनेटवरच्या मधल्या पट्ट्यानेही वेळ खाल्ला. २०४८ पिक्सेलच्या कॅनव्हासचा मध्य १०२४ व्या आणि १०२५ व्या पिक्सेलच्या मधोमध येतो, म्हणून ४१ पिक्सेलचा पट्टा कधीच मध्यावर बसत नाही. ४० केला, बसला.

फेंडर (चाकावरचा पत्रा) आणि बॉनेटच्या सांध्यावर अजून समाधान नाही. दोन्ही भागांना टेक्स्चरमध्ये, म्हणजे गाडीवर चढणाऱ्या सपाट चित्रात, सारखी जागा नसल्याने एकच पट्टा एकीकडे बारीक दिसतो. अक्षरं घातलेला चौकटींचा कागद गाडीवर चढवून मापं घेतली, आता बॉनेटवरची रुंदी त्यानुसार वाढवतोय. रंग प्रत्येक भागाच्या कडेबाहेर डझनभर पिक्सेल ओढलाय, नाहीतर लांबून पाहताना सांध्यावर पांढरी रेघ उमटते.

मागचा बंपर अजून कोरा आहे. तिथे पट्टा दोन्हीकडून येऊन मध्यावर भेटायचा आहे.