आधी भुवया पाहा

जपानी लाकडी ठशांची सचित्र पुस्तकं पाहताना एक प्रश्न हमखास येतो: चित्रातली बाई घरंदाज की गणिका, हे ओळखायचं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कमरेची ओबी, म्हणजे किमोनोवरचा रुंद पट्टा, पुढे बांधलेली दिसली, की लोक तिला गणिका ठरवून मोकळे होतात. तिथेच फसगत होते. जुन्या चित्रांत वयस्क, घरंदाज बायकांचीही ओबी पुढे असते.

मी आधी भुवया पाहते. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) लग्न झालं की दात काळे करायचे: लोखंड मुरवलेलं आंबट पाणी आणि तुरट पूड. आपल्या आज्या-पणज्यांचं दातवण आठवेल. पण योशिवारातल्या, म्हणजे एदो (आजचं टोकियो) शहराच्या गणिकावस्तीतल्या, गणिकाही दात काळे करत, शिवाय चित्रात तोंड बहुधा मिटलेलंच. भुवया मात्र साधारणपणे मूल झाल्यावर भादरत. गणिका त्या ठेवत. म्हणून भुवया नसलेलं कपाळ आणि अंबाडा दिसला, तर ती बहुधा कुणाची तरी आई.

यातही एक धोका आहे. कोरक्या चेरीच्या फळीवर रेघ उंच ठेवून तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढतो. भुवईसारखी बारीक रेघ छापून छापून झिजते, तुटते. म्हणून कानशिलावरचे केस तपासा. केसन् केस सुटा असेल तर छपाई सुरुवातीची. सगळा मिळून काळा डाग झाला असेल, तर पुसट भुवईवरून काही ठरवू नका.

फुरिसोदे, म्हणजे लांब बाह्यांचा किमोनो, अविवाहित मुलीचा, हे खरं. पण तो किशोरवयीन मुलगेही घालत! टाळूवर भादरलेला चौकोन दिसतो का पाहा. दिसला तर तो मुलगा.

क्योतोचा चित्रकार निशिकावा सुकेनोबु याचं 1723 चं ‘ह्याकुनिन् जोरो शिनासादामे’ हे नाना थरांतल्या बायकांच्या चित्रांचं पुस्तक हातात घेतलंत, तर आधी खंड कोणता ते बघा. पहिल्यात सम्राज्ञीपासून कष्टकरी बायकांपर्यंत सगळ्या आहेत, गणिका दुसऱ्यात. सुटं पान मिळालं, तर हा आधारच जातो.

आणि समोरासमोरच्या पानांवर पसरलेल्या चित्रातली बाही पुस्तकाच्या शिवणीपाशी जुळत नसेल, तर घाबरू नका. कागद एकाच बाजूने छापून, घडी बाहेर ठेवून शिवलेला असतो. त्यामुळे उघड्या पुस्तकातली दोन पानं दोन वेगळ्या कागदांची असतात. थोडं खालीवर होणारच. चित्र अजिबातच जुळत नसेल, तर मात्र घडीवर किंवा शिवणीत दडलेले पानांचे आकडे शोधा. मधला कागद गहाळ असू शकतो.